तोकड्या बोटाचा ठसा

बहरीनमध्ये तुमची सुट्टी मंजूर झाली की तुम्ही माणूस राहत नाही, पोस्टमन बनता. बातमी मेसमध्ये फुटायचा अवकाश, जो तो हातात पुडकं घेऊन दारात उभा. "भाऊ, एवढं घेऊन जा, फार वजन नाही." वजन नाही म्हणणाऱ्याचंच पुडकं सगळ्यात जड निघतं, हा माझा अनुभव आहे. दूध पावडरचे डबे, डोकेदुखीचा बाम, बॅटरी, साडीचं कापड, ब्लँकेट. मी चिडायचो, बडबड करायचो आणि घ्यायचो. पुढच्या वेळी माझं पुडकं त्यांच्याच बॅगेतून जायचं असायचं, मग न घेऊन सांगता कुणाला.

त्या वर्षी नेहमीच्या दुप्पट पुडकी आली, आणि त्याला कारणही मीच होतो. दर शुक्रवारी आम्ही महाराष्ट्रातली बौद्ध मंडळी उम्म अल हस्समला एका फ्लॅटमध्ये जमायचो. वंदना व्हायची, पंचशील म्हणायचो, मग जेवण आणि थोडं भांडण. आमच्या वर्ध्याकडचे एक भन्ते कुशीनगरजवळच्या एका खेड्यात शाळा चालवत होते. दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या, पण वायरिंग करायला माणूस नव्हता. आमच्यात इलेक्ट्रिशियन मी एकटा. कुणी काही म्हणायच्या आत मीच बोलून बसलो की या सुट्टीत मी जातो. मला ही खोडच आहे, आधी बोलतो आणि मग बायकोला कसं सांगावं याचा विचार करतो.

मेसमध्ये गोरखपूर, देवरियाकडचे खूप लोक होते. त्यांना कळलं की हा मराठी माणूस महिनाभर आपल्या मुलखात राहणार आहे. मग काय, माझ्या पलंगाखाली पुडक्यांना जागा पुरेना. प्रत्येक जण एकच सांगायचा, अम्मा को देख के आना. पुडकं हे निमित्त. आईला आपल्या ओळखीच्या डोळ्यांनी कुणीतरी बघून यावं, एवढंच त्यांना हवं असायचं.

आमच्या खोलीत तिघे होतो. मी, रत्नागिरीचे एक कोकणी मुसलमान स्टोअरकीपर, त्यांना सगळे भाईजान म्हणत, आणि देवरियाकडचा एक वेल्डर. भाईजानांच्या स्टोअरमध्ये फोन होता, त्यामुळे साऱ्या कॅम्पच्या घरच्या खबरा आधी त्यांच्या कानावर पडत. त्यांचा एक कायदा होता. मयताची खबर आली की ती पोटात ठेवायची आणि गुरुवारी संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर, चहा पाजून सांगायची. का, तर मधल्या वारी सांगितली तर माणूस दुसऱ्या दिवशी तसाच सखीरच्या साईटवर जाऊन परांचीवर चढणार. गुरुवारी सांगितली तर निदान शुक्रवार रडायला मिळतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला भाईजानांचा राग आला होता. पुढे माझ्याच काकांची खबर त्यांनी अशी धरून ठेवली आणि मला कळलं की बरोबर केलं.

वेल्डरला येऊन सहा वर्षं होत आली होती आणि मधे तो एकदाच घरी गेला होता. माणूस अबोल. त्याची म्हातारी आई कानानं पार गेलेली, त्यामुळे बाजारातल्या फोनवर यायचीच नाही. तिच्याकडून यायचा तो ठेकुआ. गव्हाचं पीठ, गूळ आणि बडीशेप घालून तुपात तळलेली जाडजूड, खुसखुशीत पुरी. तिकडचं कुणी सुट्टीवरून परतलं की त्याच्या हाती डबा यायचा. ठेकुआवर लोक लाकडी साच्यानं नक्षी उठवतात, पण ही बाई बोटांनीच दाबायची. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट कडबा कापायच्या यंत्रात अर्धं गेलेलं होतं. त्यामुळे प्रत्येक ठेकुआवर दोन लांब खळगे आणि मधे एक तोकडा. आम्ही त्याला अम्माचा शिक्का म्हणायचो. सुरुवातीला तर शिक्का बघितल्याशिवाय भाईजान तोंडात घालायचे नाहीत, म्हणायचे, "डुप्लिकेट माल तर नाय ना?"

नोव्हेंबरात असाच एक डबा आला. आम्ही खाल्ला. त्याच आठवड्यात वेल्डर डोक्याचा गोटा करून आला. मी विचारलं, उन्हाळा संपल्यावर हे कसलं खूळ? म्हणाला, कोंडा झाला होता. मग काय, आम्हाला चघळायला विषय मिळाला. आठ दिवस मी त्याला टकलूशेठ म्हणत होतो. तो हसायचा.

मी निघायच्या आधी त्यालाही काही पाठवायचं होतं म्हणून आम्ही दोघे बाब अल बहरीनच्या बाजारात गेलो. त्यानं अम्मासाठी एक स्वेटर निवडला. मरून रंगाचा, पुढून बटणांचा, चांगला घेरदार. मी म्हटलं, "अरे, म्हातारं माणूस आक्रसून जातं. हा तिच्या अंगात दोनदा गुंडाळला जाईल." तो म्हणाला, थंडीत सैलच बरा. दुकानदाराकडून त्यानं तो नीट घडी घालून घेतला आणि वरच्या चिठ्ठीवर माझ्याकडून लिहवून घेतलं, 'अम्मा के लिए'. मग मला म्हणाला, "भाईसाहब, घर देख आइएगा. सबको देख आइएगा." अम्माला बघा असं तो वेगळं म्हणाला नाही. म्हणायची गरजच काय, असं मी धरून चाललो.

गावी पंधरा दिवस काढले. पुढे निघालो तेव्हा बायको म्हणाली, "दोन वर्षांनी आले अन् निघाले लोकायच्या घरी उजेड पाडाले." मी मुकाट्यानं ऐकून घेतलं, ती खरंच बोलत होती.

उत्तरेतल्या थंडीची मला कल्पना नव्हती. दहा वाजेपर्यंत धुकं. पक्कड हातात धरवेना. भन्तेंच्या शाळेच्या खोल्या कच्च्या विटांच्या वासाच्या, खिडक्यांना अजून तावदानं नाहीत. मी भिंती खोदायचो, पाईप बसवायचो, वायर ओढायचो. पोरं सारखी विचारायची की दिवा कधी लागणार. गावात वीज दिवसातून जेमतेम काही तास यायची, पण त्यांना ते काही वाटत नव्हतं. बटण असलं म्हणजे झालं.

रविवारी भन्ते मला काम करू देत नसत. पहिल्या रविवारी त्यांनी मला कुशीनगरला पिटाळलं. "जा न भाऊ, डोळे भरून पाहून ये," म्हणाले. मी गेलो. तथागतांची ती निजलेली मूर्ती, अंगावर केशरी चीवर, पायाशी फुलं. लोक तिन्ही बाजूंनी फिरून चेहरा बघत होते. एक जण सांगत होता, डोक्याकडून वेगळा दिसतो, पायाकडून वेगळा. मला तिन्हीकडून एकच दिसला. माझे वडील गेले तेव्हा मी बहरीनमध्ये होतो, मला त्यांचा चेहरा बघायला मिळाला नव्हता. तिथे उभा राहून मी चांगला रडलो, आणि बाहेर येऊन चहा प्यायलो.

बाकीचे रविवार पुडक्यांचे. टेम्पोत कोंबून घ्यायचं, रस्ता संपेल तिथे उतरायचं आणि नाव विचारत उसाच्या बांधानं चालायचं. प्रत्येक घरी तेच. खाटेवर नवी चादर टाकायचे, मला बसवायचे आणि सगळं घर माझ्याकडे बघत राहायचं. माझ्याकडे नव्हे खरं तर, त्यांच्या माणसाला बघून आलेल्या डोळ्यांकडे. तो जाड झाला का? भात कोण रांधतं? तिकडे आजारी पडला तर पाणी कोण देतं? एका आजीनं माझा हात हातात घेतला तो चहा संपेपर्यंत सोडलाच नाही. पुडक्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. ते मी गेल्यावर उघडायचे.

वेल्डरचं गाव मी शेवटच्या रविवारासाठी ठेवलं होतं. जवळचा माणूस, निवांत बसावं म्हणून. घर सापडलं तेव्हा दुपार झाली होती. धाकटा भाऊ दारात आला, मिठी मारली, खाट टाकली. वेल्डरची बायको पदर ओढून चुलीशी होती. चहा आला. मी स्वेटर काढून खाटेवर ठेवला आणि म्हटलं, "अम्मा कहाँ हैं? बुलाओ, पहना के देखूँगा, फिर जाके बताना है उसको."

भावानं कप खाली ठेवला. म्हणाला, अम्मा दसऱ्याच्या आधीच गेली. ताप आला, चार दिवसांत आटोपलं. अग्नी मीच दिला. भैयाला कळवलेलं नाही.

माझं डोकं सणकलं. "कळवलेलं नाही म्हणजे? आई आहे त्याची." तो शांतपणे सांगत राहिला. कळवलं असतं तरी तो वेळेवर पोचला नसता. कॉन्ट्रॅक्टला अजून वर्ष आहे, मधेच आला तर पुन्हा व्हिसा मिळेल का सांगता येत नाही. आणि तिकडे परक्या देशात एकटा बसून रडला तर त्याच्या पाठीवरून हात कोण फिरवणार? वर्षानं घरी आला की समोर बसवून सांगू. मग आम्ही सगळे असू त्याच्याजवळ.

मी म्हटलं, "मग मी जाऊन काय सांगू?" भाऊ हात जोडून म्हणाला, "कह दीजिएगा, अम्मा ठीक है."

इकडे आड तिकडे विहीर. दर शुक्रवारी मी चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही. तोंडानं म्हणणं सोपं असतं. आणि खरं सांगावं, तर मी कोण? चार वर्षं एका खोलीत राहिलो म्हणून त्याच्या आईची खबर सांगायचा हक्क मला मिळाला होता का? मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

एवढ्यात चुलीकडे लक्ष गेलं. वेल्डरची बायको माझ्याबरोबर पाठवायला ठेकुआ करत होती. गोळा तळव्यावर थापायची, आणि मग उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून, बाकीची दोन सरळ धरून जोर लावून दाबायची. दोन लांब खळगे, मधे एक तोकडा. पुन्हा गोळा, पुन्हा बोट मुडपून. तिनं वर पाहिलं आणि मी बघतोय हे तिला कळलं. तिचा हात थांबला. मग पदर आणखी पुढे ओढून तिनं पुढचा गोळा घेतला.

बाहेर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. तिच्या अंगावर एक विरलेली शाल होती. स्वेटर तसाच खाटेवर. भाऊ म्हणाला, भैया अम्माचं मापही विसरला, किती मोठा पाठवला बघा. हा आता ट्रंकेत ठेवू. तिथे मात्र मी भडकलो. दुसऱ्याच्या घरात भडकायचा मला काही हक्क नव्हता, तरी भडकलो. "ट्रंकेला थंडी वाजते काय? यांना घालू द्या." भाऊ ओशाळला. तिनं मान हलवली, अम्माच्या नावानं आलेला आहे. मी म्हटलं, "वहिनी, माझ्यासाठी घाला. मला जाऊन काहीतरी खरं सांगता येईल."

तिनं हात धुतले आणि घातला. बटणं लावली. खांद्याला खांदा, मनगटाला मनगट, तंतोतंत बसला. भाऊ म्हणाला, चला, वाया गेला नाही. पुढचे सगळे ठेकुए तिनं तो स्वेटर घालूनच दाबले.

बहरीनला परतलो तेव्हा आठवड्याची मधलीच वेळ होती. वेल्डर साईटवर होता. मी डबा पलंगावर ठेवला आणि सरळ स्टोअर गाठलं. भाईजानांना सगळं सांगितलं. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "आजवर मी खबर दोन दिवस, तीन दिवस धरलीय. वर्षभर कुणी धरतंय काय?"

"मग सांगू?"

"आपण कसे सांगणार रे? घरवाल्यांनी हात जोडलेत. मय्यत त्यांची, खबर त्यांची." थोड्या वेळानं म्हणाले, "पण खोटं बोलायचं तुझ्याकडून होणार नाय. तुझं थोबाडच सांगतं. तू गप बस, मी बोलतो."

संध्याकाळी वेल्डर आला. डोक्यावर केस आता बऱ्यापैकी आले होते. मला मिठी मारली, प्रवास कसा झाला विचारलं. डबा उचलून त्यानं आपल्या उशाशी ठेवला. मी म्हटलं, "उघड ना." तो म्हणाला, "गुरुवार को खोलेंगे भाईसाहब. आराम से." भाईजानांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं पातेलं चढवलं.

गुरुवारपर्यंत मी त्याला टाळलं. मेसमध्ये उशिरा जायचो. एक वाक्य घडवून ठेवलं होतं, अम्मा थकली आहे पण ठीक आहे. साईटवर वायर ओढताना ते मनात म्हणून बघायचो. कसंही म्हटलं तरी ते खोटंच राहायचं.

गुरुवारी शिफ्ट सुटली. मगरीबची अजान झाली, भाईजान नमाज आटोपून आले. चहा झाला. वेल्डरनं पलंगावर वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उघडला. एक ठेकुआ हातात घेतला, अंगठा त्या खळग्यांवरून फिरवला. मी वाक्य ओठांपर्यंत आणलं. भाईजान खाकरले.

तो मान वर न करता म्हणाला, "भाईसाहब, स्वेटर मेरी घरवाली को ठीक आया?"

भाईजानांच्या हातातला कप तसाच राहिला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आया. बराबर आया."

"अच्छा हुआ," तो म्हणाला. "अंदाज़ से लिया था."

मग तो बोलला, त्याच्या मानानं खूप बोलला. दोन वर्षांपासून अम्माच्या हाताला कंप होता. तिचा ठसा इतका फिकट उठायचा की ठेकुआ दिव्यापुढे तिरपा धरल्याशिवाय दिसायचा नाही. आम्ही तिघांनीही ते ठेकुए खाल्ले होते, पण तिरपे धरून फक्त तोच बघत होता. नोव्हेंबरातला डबा उघडला आणि पाहिलं तर खळगे नखभर खोल. अम्माच्या बोटात एवढा जोर कुठला? कुणीतरी बोट मुडपून दाबलंय, हे त्याला बघताक्षणी कळलं. कुणी, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी तो मनामातल्या न्हाव्याकडे गेला. आईसाठी तेवढंच इथून करता येण्यासारखं होतं, म्हणाला.

मला टकलूशेठ आठवलं आणि मी खाली बघायला लागलो.

भाईजानांनी विचारलं, "मग अम्माच्या नावानं स्वेटर कशाला पाठवलास?"

"नसता पाठवला, तर घरी कळलं असतं की मला माहीत आहे. मग ते माझ्या काळजीनं झुरले असते. त्यांना वाटतंय, मी इथे सुखात आहे. वाटू दे. आणि तसंही बायकोच्या नावानं आमच्याकडे पाठवत नाहीत. अम्माच्या हातूनच तिला मिळायचं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आप घर पर मत बताइएगा. फोन आए, चिट्ठी लिखें, कुछ मत बताइएगा."

भावानं जसे जोडले होते तसेच त्यानंही हात जोडले.

मग त्यानं ठेकुआचा तुकडा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला. "अच्छा बनाया है. गुड़ थोड़ा ज़्यादा है. अम्मा इतना नहीं डालती थी." एवढं बोलला आणि त्याचा चेहरा मोडला. नोव्हेंबरपासून तो आमच्याच खोलीत, आमच्यामधे झोपत होता आणि रडला नव्हता. भाईजान उठून त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या डोक्यावरून, त्या नव्या केसांवरून, हात फिरवत राहिले. कितीतरी वेळ कुणी दिवा लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उम्म अल हस्समला मंडळी जमली. शाळेचं काम ऐकायला सगळे उत्सुक होते. मी सांगितलं, दोन्ही खोल्यांत दिवे लागले. वंदना सुरू झाली. पंचशील म्हणताना चौथ्याला माझा आवाज फुटेना. शेजारच्यानं हळूच विचारलं, "काय झालं, भाऊ?"

"काही नाही," मी म्हटलं. "उत्तरेतली थंडी बाधली."